सहाच्या पिना, दहाच्या पिना

गल्लीतल्या वर्कशॉपवाल्यांनी तिला ‘दोनदा’ असं नाव पाडलं होतं, आणि पाडणाऱ्यांचं फार चुकलं होतं असं मला वाटत नाही. बाई शटर ओढून कुलूप लावायची, चार पावलं जायची आणि परत येऊन कुलूप ओढून बघायची. माप दोनदा घ्यायची. दोन्ही वेळा सारखं आलं तरी चेहरा उतरलेलाच, कारण दोन्ही वेळा एकच चूक झाली असली तर? कोपऱ्यावरचा हत्यारांचा दुकानदार म्हणायचा, “वहिनी, तुमचा एक डोळा दुसऱ्या डोळ्यावर पाळत ठेवून असतो.” ती हसायची नाही. खोटं थोडंच बोलत होता तो.

जन्मजात घाबरट मात्र नव्हती हो. लग्न होऊन आली तेव्हा शिवणकाम करायची, आणि कापडावर खडूची एक रेघ मारून सरळ कात्री चालवायची. वर्कशॉप सासऱ्यांचं. सगळी गल्ली त्यांना वस्ताद म्हणे, ती बाबा म्हणे. जेमतेम दहा बाय वीसची खोली, एक जुना लेथ, एक ग्राइंडर, आणि भिंतीवर लाकडी फळीला भोकं पाडून ओळीने लावलेले कटर. बाबांची ख्याती होती धारेची. कटर बोथट झाला, फेकून द्या, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. “फेकायला अक्कल लागत नाही,” असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवत, ग्राइंडर सुरू करत आणि नुसत्या हातावर एकेका दाताला धार लावत. ना मापाची पट्टी, ना कोनाचा साचा. हात हाच साचा. त्यांनी धार लावलेला कटर लोखंडातून असा जायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं.

त्या लेथवर तिचा नवरा उभा राहायचा. कामाला चोख आणि बोलायला महाग असा माणूस. नऊ वर्षांपूर्वी पुठ्ठे कापण्याच्या कारखान्यातून एक काम आलं. एका ठोकळ्यात कलती खाच पाडायची होती, म्हणजे वर अरुंद आणि तळाशी रुंद अशी, जिच्यात मशीनची सरकपट्टी अडकून पुढेमागे धावते आणि वर उचकटून येत नाही. त्याने ती कापली, मापली, बाबांनीही मापली. शतांश मिलिमीटरपर्यंत बरोबर. पट्टी बसली तीही कशी, अगदी हात फिरवावा अशी. आणि महिन्याभरात डुलायला लागली. एके दिवशी पातं भलतीकडे सरकलं आणि मशीनवरच्या बाईच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली.

ठोकळा परत आला. नवऱ्याने तो एकट्याने तपासला, दार लावून, दोन तास. बाहेर आला आणि म्हणाला, “माझं माप चुकलं.” एवढंच. कारखान्याला तेच सांगितलं, त्या बाईला दवाखान्यात जाऊन तेच सांगितलं, बाबांना तेच सांगितलं. बाबा त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहीत नाही; रागात माणूस उचलली जीभ लावली टाळ्याला असं करतो. “हाताला डोळे नसतील तर लेथवर उभं राहू नये,” हे त्यातल्या त्यात सौम्य. नवरा उभा राहिला नाहीच परत. टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायच्या कामाला लागला. बापलेक एकाच घरात राहत, एकाच ताटलीतलं मीठ घेत आणि आमटी वाढ, दार लाव यापलीकडे बोलत नसत.

मग लेथ कोण चालवणार? बाबांचे हात थरथरायला लागले होते. ती आधी नुसती केर काढायला जायची, मग लेथच्या चाकात जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, बांधून द्यायला लागली, मग एक दिवस बाबा म्हणाले, “बघतेस काय, हात लाव.” लावला. शिकवताना त्यांनी काही हातचं राखलं नाही, हे मान्य करायला हवं. सुनेला लेथ शिकवणारा सासरा त्या गल्लीत तरी दुसरा नव्हता.

नवऱ्याने तेव्हा एकच गोष्ट केली. पत्र्याची छोटी डबी तिच्या हातात दिली. आत पिनांच्या, म्हणजे माप घ्यायच्या गोल पोलादी कांड्यांच्या, दोन जोड्या, एक सहा मिलिमीटर जाडीची, एक दहाची. दहाची त्याने स्वतः केलेली.

“कधी कलती खाच आली तर दोन्ही जोड्यांनी मोज.”

“बाबा तर म्हणतात, एका जोडीत भागतं.”

“दोन्हींनी मोज. का ते विचारू नकोस.”

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं म्हणून तिने डबी ठेवून दिली. पण त्याचं ते फुंकणं तिला लागलं ते लागलंच. त्याच्यासारख्या चोख माणसाचं माप चुकतं, तर आपण कोण? तेव्हापासून ती दोनदा झाली. आठ वर्षांत कलती खाच मात्र एकही आली नाही. आणि खरं सांगायचं तर येऊ नये म्हणून तिचा जीव सतत टांगणीला लागलेला असायचा.

सोमवारी ती आली. आणि घेऊन कोण आलं? तीच बाई. आता ती त्या कारखान्याची फोरमन झाली होती. ओतीव लोखंडाचा ठोकळा तिने टेबलावर ठेवला, तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं पेराआधीच संपलेली दिसली. सुनेने नजर फिरवली आणि मग नजर फिरवल्याची लाज वाटून परत बघितलं.

“तीच खाच आहे,” फोरमनबाई म्हणाली. “मध्ये दुसरीकडून करून घेतली होती, ती आता झिजली. ते दुकान बंद झालं, ओतणारी भट्टीही बंद झाली. ठोकळा हा एवढाच आहे. गुरुवारपर्यंत हवाय.”

“दुसरं कुणी नाही का?” सुनेच्या तोंडून निघून गेलं. गिऱ्हाइकाला असं कुणी विचारतं का? हिने विचारलं.

“असतं तर इथे आले नसते.” ती दारात थांबली. “तुम्हाला सगळे दोनदा म्हणतात ना? म्हणून आणलंय. माझी आठ राहिलीत, तेवढी जपा.”

सुनेने ठोकळा फडक्यात गुंडाळून ठेवला, मग उघडून पुन्हा बघितला.

बाबांना मात्र हुरूप आला. भिंतीवरच्या फळीवरून त्यांनी एक कटर उतरवला, उलट्या शंकूसारखा, खाली रुंद, वर बारीक मानेचा. अंगावर साठ अंश कोरलेलं. “हाच तो. कटरात खोट नव्हती. परवाच पुन्हा धार लावलीय. कापून बघ, लोणी.”

आता लेथवर असलं काम म्हणजे सगळा उलटा कारभार. एरवी लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर राहतं. इथे कटर फिरतो आणि जॉब एका उभ्या स्लाइडला बांधून त्याच्यावर सरकवायचा. मिलिंग मशीन असतं तर गोष्ट वेगळी. हे म्हणजे खुर्चीवर स्टूल ठेवून माळ्यावर चढण्यातला प्रकार. सगळंच थोडं थोडं हलतं. म्हणून तिने आधी भंगारातला एक ठोकळा घेतला. आधी सरळ कटरने चौकोनी खाच पाडली आणि मग बाबांचा कटर लावून दोन्ही बाजू तिरप्या केल्या. आवाज एकसारखा, काळी भुकटी बारीक पडत होती. धार खरोखर लोणी होती.

खाच पुसली. दोन्ही कोपऱ्यांत सहाच्या पिना ठेवल्या आणि दोन पिनांमधलं अंतर मोजलं. बरोबर. जिवात जीव आला. एरवी बाबांच्या दुकानात इथेच काम संपायचं. पण हिने डबी उघडून दहाच्या पिना काढल्या.

अंतर कमी भरलं. थोडंथोडकं नाही, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढं.

कोपऱ्यात कचरा असेल. तिने ब्रश मारला, फडक्याने पुसलं, पुन्हा मोजलं. तेच. पिना खराब असतील. पिना मोजल्या. चोख दहा. मग हिशेब चुकला असेल. कागदावर पुन्हा केला, मग नव्या कागदावर पुन्हा. तेच. सहाच्या पिना म्हणत होत्या खाच बरोबर आहे, दहाच्या म्हणत होत्या चूक आहे. एकाच खाचेबद्दल दोघी वेगळं सांगतात, याचा अर्थ एकच निघत होता: खाचेची रुंदी ठीक आहे, कोनच वेगळा आहे. लहान पिन खाली कोपऱ्यात टेकते, मोठी जरा वर. बाजूची भिंत ठरल्यापेक्षा जास्त कलली असेल तर खाली जुळवून घेता येतं, वर नाही.

तिने कटर काढला, कोनमापी लावली. उजेडाला धरून बघितलं. साठ नव्हते. साडेसत्तावन्न होते.

वर्षानुवर्षं, हातावर धार लावताना, दर वेळी केसभर ढळत.

खाली स्टूल होतं, ती त्यावर बसली. खाच साडेसत्तावन्नची, पट्टी साठची. पट्टी बसते, घट्टही बसते, पण टेकते ती एका कडेवर. महिन्याभरात कड झिजते आणि पट्टी डुलायला लागते. नऊ वर्षांपूर्वी त्याचं माप चुकलंच नव्हतं. माप बरोबर होतं आणि कटर चुकीचा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. आणि चोर कोण? समोर दारापाशी खुर्ची टाकून उन्हात बसलेले तिचे सासरे, ज्यांनी तिला हा सगळा हुन्नर शिकवला.

“बसलं का माप?” बाबांनी तिकडूनच विचारलं.

“बघते,” ती म्हणाली आणि कटर पिशवीत टाकला.

संध्याकाळी नवरा टपालातून आला. ती भाजी निवडत होती, म्हणजे निवडलेलीच पुन्हा निवडत होती. बाबा जिन्याखाली शेजाऱ्यांशी बोलत होते. तिने पिशवीतून कटर काढून त्याच्यासमोर ठेवला.

“अहो, हा साठचा नाही. साडेसत्तावन्न आहे.”

तो कटरकडे बघत राहिला. हातात घेतला नाही.

“साडेसत्तावन्न,” तो म्हणाला. “तेव्हा पाऊण जास्त होता. सव्वा अठ्ठावन्न.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि हातातली जुडी खाली पडली.

“तुम्हाला माहीत होतं.”

“ठोकळा परत आला त्या दिवशी. दहाच्या पिना त्याच दुपारी केल्या.”

“मग बोलला का नाहीत? नऊ वर्षं? ती बाई तुम्हाला रस्त्यात बघून पलीकडच्या बाजूला जाते. बाबा तुमच्याकडे बघत नाहीत. आणि तुम्ही...” ती रडायला लागली, रागाने की दुःखाने, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्याने खाली पडलेली जुडी उचलून तिच्यापुढे ठेवली. “तेव्हा आई जाऊन दोन महिने झाले होते,” तो म्हणाला. “बाबांकडे ती धार सोडून काही उरलं नव्हतं. ते दिवसभर ग्राइंडरपाशी बसायचे. त्यांना काय सांगू, तुमच्या हाताने एका बाईची बोटं गेली? माझं काय, मला दुसरं काम मिळालं.” मग हळू म्हणाला, “बाबांना सांगितलंस?”

“नाही.”

“नको सांगूस. नवा कटर आण, काम कर. झाकली मूठ राहू दे.”

इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर म्हाताऱ्या माणसाचा शेवटचा आधार जातो. गप्प बसावं तर नवऱ्याच्या कपाळावरचा डाग जन्माचा. आणि दोघंही तिचेच. त्या रात्री ती किती झोपली हे विचारू नका.

मंगळवारी ती हत्यारांच्या दुकानात गेली. दुकानदाराने चकचकीत कटर पुढे केला, कार्बाइडच्या चकत्या स्क्रूने बसवलेला. “नवी चीज आहे वहिनी. दुप्पट वेगाने कापतो. धार गेली की चकती बदला, ग्राइंडरचं नावच नको.”

मोह झाला. ग्राइंडरचं नावच नको, हे शब्द त्या दिवशी कुणालाही गोड लागले असते. पण लेथ तिचा होता आणि तो कसा हलतो हे तिला ठाऊक होतं. कार्बाइड कडक खरं, पण ठिसूळ. हादऱ्याने त्याचा कपचा उडतो, तोही न सांगता. आपल्या जुन्या मशीनला सोसेल ते साधं हायस्पीड स्टीलच. सावकाश कापतं, कुरकुरतं, पण मोडायच्या आधी सांगतं तरी. तिने आठ दातांचा घेतला, म्हणजे एकेका दाताला थोडं थोडंच काम. त्यातही दोन होते. बारीक मानेचा परत ठेवला आणि जाड मानेचा उचलला. मान तुटली तर सगळंच तुटलं. मग दुकानातच पिशवीतून कोनमापी काढली.

“नवा आहे वहिनी, साठच असणार,” दुकानदार म्हणाला.

“असू दे.” तिने लावली. साठ. फिरवून दुसऱ्या दातावर लावली. साठ.

बुधवारी कापायला घेतलं. कटर जबड्याच्या चाकात नाही, कॉलेटमध्ये, म्हणजे चहूबाजूंनी सारखं आवळणाऱ्या नळीत धरला, कारण जबड्यातून तो कापता कापता पुढे सरकतो आणि खाच तळाशी खोल होत जाते. ओतीवाची वरची कडक साल सरळ कटरने आधी काढून टाकली. मग तिरपा कटर. जॉब कटरच्या फिरण्याविरुद्धच न्यायचा, त्याच्या ओढीबरोबर नाही. जुन्या स्क्रूला ढिलाई असते, कटर जॉब हिसकावून घेतो आणि मग मान तुटते. एका वेळी पाव मिलिमीटर. हँडल फिरवताना हाताला घाम येत होता, ती दर फेरीला तो पुसत होती. प्रत्येक कुरकुरीला वाटायचं, गेला. एकच ठोकळा. दोन बोटं तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. दुपारचं जेवण डब्यातच राहिलं.

संध्याकाळी पुसून मोजलं. सहाच्या पिना: बरोबर. दहाच्या पिना: बरोबर. पुन्हा सहाच्या. पुन्हा दहाच्या. मग ती लेथच्या लोखंडी बैठकीवर डोकं टेकून तशीच बसली. काम झालं होतं, पण खरी धास्ती कामाची नव्हतीच ना.

गुरुवारी सकाळी बाबा फळीपाशी उभे राहिले. एक भोक रिकामं होतं.

“माझा कटर कुठाय? धार बघायचीय.”

खोटं बोलायचं असं ती ठरवून आली होती. मोडला म्हणायचं, मोडून टाकला म्हणायचं. पण जी बाई कुलूपसुद्धा दोनदा ओढते तिला खोटं एकदाही ओढता येईना. तिने भंगारातला तो ठोकळा टेबलावर ठेवला, कटर ठेवला, डबी उघडली.

“बाबा, हे तुमच्या कटरने कापलंय. मोजा.”

त्यांनी सहाच्या पिना ठेवल्या. तिने त्या धरून दिल्या. “बरोबर आहे,” ते म्हणाले.

“आता या जोडीने.”

“कशाला?”

“दोनदा मोजा, बाबा.”

त्यांनी मोजलं. चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. मग कटर उचलला, डोळ्यापाशी नेला आणि अंगठा त्या तिरप्या धारेवरून सावकाश खाली आणला. पन्नास वर्षांच्या हाताला काही सांगावं लागत नाही. ते खुर्चीत बसले ते एकदम म्हातारे होऊन बसले.

“दहाच्या पिना कुणी केल्या?”

“यांनी.”

“कधी?”

“ठोकळा परत आला त्या दिवशी.”

त्यांनी कटर मांडीवर ठेवला. ती त्यांच्या पायाशी बसून राहिली. आपण हे काय करून बसलो, असं तिला वाटत होतं. तेवढ्यात दारात सावली पडली. फोरमनबाई ठोकळा न्यायला आली होती. बाबा उठले. खुर्चीच्या पाठीला धरून उठले आणि कटर तिच्यासमोर धरला.

“तुमची बोटं माझ्या मुलाच्या मापाने गेली नाहीत,” ते म्हणाले. “याने गेली. धार मी लावली होती. कोन माझा चुकला. त्याने माझ्यावर पांघरूण घातलं आणि मी नऊ वर्षं त्याला बोल लावला.”

फोरमनबाईने कटर घेतला. अर्ध्या बोटांनी तो नीट धरता येत नव्हता, म्हणून तिने दुसरा हात लावला. अंगावर कोरलेलं साठ वाचलं. मग सुनेकडे वळली.

“ते कितीला सुटतात टपालातून?”

“पाचला.”

“मी त्याच रस्त्याने जाते. दर वेळी पलीकडून जाते.” तिने कटर टेबलावर ठेवला आणि ठोकळा पिशवीत घातला. “आज अलीकडून जाईन.”

ती गेली. बाबांनी ग्राइंडरचा प्लग भिंतीतून काढला, वायर गुंडाळली, पिनांची डबी खिशात टाकली आणि घरी निघाले. जेवले नाहीत. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिले. सुनेने दोनदा बोलावलं, दोनदा नाही म्हणाले.

सव्वापाचला नवरा आला. डोळे लाल होते. रस्त्यात कुणीतरी भेटलं होतं हे दिसतच होतं. बापाला पायरीवर बघून तो थबकला. बाबांनी सरकून जागा केली. तो बसला. वर दारात ती उभी, हातातलं फडकं पिळत, आता हे भांडतात की काय या धास्तीने.

बाबांनी खिशातून डबी काढली, दहाची एक पिन तळहातावर घेतली आणि बोटांत फिरवून बघितली.

“छान केलीयस,” ते म्हणाले. “हाताला डोळे आहेत तुझ्या.”

मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाबांचा हात त्याच्या पाठीवर टेकला आणि तिथेच राहिला.